पेवातली ज्वारी आणि सुप्याचा उठाव

इंदापूर-बारामतीच्या अवर्षणी टापूत पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. कठीण मुरमात खड्डा खणून, कडब्याचे अस्तर देऊन, धान्य भरले की तोंड मातीने बंद. आतला प्राणवायू संपून कीड मरे. म्हणूनच उघडलेल्या पेवात लगेच उतरणारा माणूसही गुदमरे! दुष्काळात कुटुंबाचा आधार तोच.

कंपनी सरकारला मात्र सारा रोकडीत हवा होता. प्रिंगलच्या अवाजवी आकारणीने इंदापूर खचले. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी दर उतरवून ३० वर्षांसाठी बांधले. तरी हप्त्यासाठी सुगीतच, पडत्या भावात, धान्य विकणे सुटले नाही. पेवाची ज्वारी सावकाराच्या दुकानी जाऊ लागली.

१२ मे १८७५. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे. या उठावातले जळालेले कर्जरोखेच आपल्याला आठवतात. त्या दिवशी रयतेने धान्याची दुकानेही लुटली होती.