संगणकावरील व्हिडिओ-दर्शन आणि ग्राफिक्स कार्ड : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाचा इतिहास सामान्यतः प्रोसेसरच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. व्हिडिओच्या बाबतीत मात्र हे कथन अपुरे पडते. वेगवान प्रोसेसर असलेल्या संगणकावर चित्र अडखळते आणि त्याहून कितीतरी दुर्बल यंत्रावर तेच चित्र सुरळीत चालते, असा अनुभव अनेकदा येतो. या विसंगतीचे कारण एका प्रश्नात दडलेले आहे : संकोचित व्हिडिओ उलगडण्याचे, म्हणजेच विसंकेतनाचे काम संगणकाच्या कोणत्या भागाने करावे?

टी. एच. मायर आणि आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली प्रदर्शन-यंत्रणेच्या रचनेवर लिहिलेल्या निबंधात ‘पुनर्जन्माचे चक्र’ ही कल्पना मांडली. विशेष कामासाठी स्वतंत्र यंत्रणा जोडली जाते, ती वाढत वाढत स्वतःच संगणकासारखी होते आणि मग तिलाही नव्या साहाय्यकाची गरज भासू लागते, असा तिचा आशय होता. व्हिडिओ-विसंकेतनाचा इतिहास या चक्राला कितपत अनुसरतो, हे पाहणे उद्बोधक ठरते.

उद्दिष्टे :

१. विसंकेतनाच्या कामाचे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्यात झालेले स्थलांतर अभ्यासणे.
२. या स्थलांतरामागील तांत्रिक व आर्थिक कारणांचा शोध घेणे.

गणिताचा पाया :

पाल दूरचित्रपद्धतीतील ७२० × ५७६ बिंदूंचे एक चित्र साठविण्यास, रंगाची माहिती निम्म्या घनतेने घेतली तरी, सुमारे ६ लाख २२ हजार बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे या हिशेबाने हा प्रवाह सुमारे १२४ मेगाबिट होतो. दोन तासांचा चित्रपट असा साठविल्यास तो सुमारे ११२ गिगाबाइट जागा व्यापेल. एकपदरी डीव्हीडीची क्षमता मात्र ४.७ गिगाबाइट एवढीच आहे. संकोचनावाचून संगणकीय व्हिडिओ व्यवहार्य झालाच नसता, हे यावरून स्पष्ट होते.

या संकोचनाचा पाया डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या गणिती पद्धतीने घातला. बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये तिच्यावरील निबंध प्रसिद्ध केला. या पद्धतीला गतिपूरणाची जोड मिळाली. प्रत्येक चित्र नव्याने न साठविता मागील चित्रातील कोणता तुकडा कोठे सरकला एवढेच नोंदविणे, हे गतिपूरणाचे तत्त्व होय. या दोहोंच्या आधारे १९९३ मध्ये एमपीईजी-१ आणि त्यानंतर लवकरच एमपीईजी-२ ही मानके सिद्ध झाली. पहिल्याने व्हिडिओ सीडीला, तर दुसऱ्याने डीव्हीडीला जन्म दिला.

स्वतंत्र कार्डापासून ग्राफिक्स कार्डापर्यंत :

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील प्रोसेसरला हे काम पेलणारे नव्हते. त्यामुळे केवळ विसंकेतन करणारी स्वतंत्र कार्डे संगणकात बसविली जात. १९९३ मधील सिग्मा डिझाइन्स कंपनीचे ‘रीलमॅजिक’ हे त्यांपैकी एक होते. जानेवारी १९९७ मध्ये इंटेलने एमएमएक्स सूचनासंच असलेला पेंटियम बाजारात आणला. एकाच सूचनेने अनेक लहान संख्यांवर एकदम क्रिया करण्याची त्याची रीत व्हिडिओच्या गणितास अनुकूल होती. दशकाच्या अखेरीस वेगवान प्रोसेसर केवळ सॉफ्टवेअरच्या बळावर डीव्हीडी दाखवू लागले आणि स्वतंत्र कार्डांची आवश्यकता ओसरली. काम पुन्हा प्रोसेसरकडे आले. येथपर्यंत चक्र अपेक्षेप्रमाणे फिरले.

याच सुमारास कामाची विभागणीही सुरू झाली. रंगांचे रूपांतर व चित्राचा आकार बदलणे ही कामे ग्राफिक्स कार्डाने आधीच स्वीकारली होती. १९९८ साली जाहीर झालेल्या एटीआय कंपनीच्या ‘रेज १२८’ मध्ये गतिपूरण आणि कोसाइन रूपांतराची उलट क्रिया यांचीही सोय होती. परंतु कार्डात सोय असणे आणि सॉफ्टवेअरला तिचा उपयोग करता येणे, या भिन्न गोष्टी आहेत. त्यासाठी दोहोंमध्ये समान बोली आवश्यक होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० च्या काळात ‘डायरेक्टएक्स व्हिडिओ ॲक्सेलरेशन’ हा दुवा पुरविला. लिनक्सवर पुढे व्हीए-एपीआय आणि, २००८ मध्ये, एनव्हिडियाचा व्हीडीपीएयू असे एकाहून अधिक दुवे निर्माण झाले. दुवा जुळला नाही तर कार्डातील सर्किट निष्क्रिय राही आणि सर्व भार प्रोसेसरवर पडे.

एच.२६४ आणि चक्राचा अडथळा :

मे २००३ मध्ये मान्य झालेल्या एच.२६४ मानकाने संकोचन पुष्कळ सुधारले. विसंकेतन मात्र तेवढेच अवघड केले. ग्राफिक्स कार्डाचे सामर्थ्य असंख्य बिंदूंवर एकाच वेळी क्रिया करण्यात असते. एच.२६४ च्या प्रवाहातील बिट उलगडण्याचे काम मात्र क्रमाक्रमानेच करावे लागते, कारण पुढील बिटचा अर्थ मागील बिटवर अवलंबून असतो. शेकडो हातांना वाटून देता येईल असे हे काम नव्हते. म्हणून कार्डाच्या सामान्य गणनशक्तीचा आधार न घेता त्यातच विसंकेतनाचे वेगळे, ठरीव सर्किट कोरण्यात आले.

२००७ या वर्षाची साक्ष या दृष्टीने बोलकी आहे. त्या वर्षी आलेल्या एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स ८६००’ आणि एएमडीच्या ‘रेडिऑन एचडी २६००’ या मध्यम किमतीच्या कार्डांत एच.२६४ चे संपूर्ण विसंकेतन करणारे सर्किट होते. त्यांच्याहून कितीतरी महाग असलेल्या ‘जीफोर्स ८८०० जीटीएक्स’ व ‘रेडिऑन एचडी २९०० एक्सटी’ या कार्डांत ते नव्हते. बलाढ्य प्रोसेसर किंवा महागडे कार्ड म्हणजे चांगले व्हिडिओ-दर्शन, हे समीकरण येथे मोडले. २००९ मधील ‘आयॉन’ संचाने तेच दाखविले. इंटेल ॲटम हा दुर्बल प्रोसेसर एकट्याने १०८० रेषांचा व्हिडिओ चालवू शकत नसे. योग्य ग्राफिक्स चिपची साथ मिळताच तो चालू लागला.

ठरीव सर्किट कमी विजेत काम उरकते. लॅपटॉप व मोबाइलच्या युगात ही बचत निर्णायक ठरली. त्यामुळे पुढे प्रोसेसर पुरेसे समर्थ झाले तरी चक्र सहसा उलट फिरले नाही. २०२३ चा ‘रास्पबेरी पाय ५’ हा लक्षणीय अपवाद होय, त्यात एच.२६४ चे सर्किट वगळून ते काम पुन्हा प्रोसेसरकडे सोपविण्यात आले.

परवान्याचे कुलूप :

ठरीव सर्किटची मर्यादा त्याच्या ताठरपणात आहे. एचईव्हीसी (२०१३), व्हीपी९ (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) ही मानके आली, तेव्हा जुनी सर्किटे बिघडली नाहीत. ती केवळ निरुपयोगी झाली. नव्या मानकांची चढाओढ निव्वळ तांत्रिक नव्हती. एचईव्हीसीच्या पेटंट-शुल्काच्या गुंतागुंतीला पर्याय म्हणून २०१५ मध्ये स्थापन झालेल्या कंपन्यांच्या आघाडीने शुल्कमुक्त एव्ही१ पुढे आणले. त्याचे विसंकेतन करणारी संगणकीय ग्राफिक्स सर्किटे २०२० पासून बाजारात आली.

शुल्काचा प्रभाव अन्य रीतीनेही दिसतो. २०१२ च्या मूळ ‘रास्पबेरी पाय’मध्ये एमपीईजी-२ चे सर्किट होते, परंतु ते बंद ठेवलेले असे. २.४० पौंडांची परवाना-किल्ली विकत घेतल्यावरच ते उघडे. अमेरिकेत एमपीईजी-२ चे अखेरचे पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपले, तेव्हा डीव्हीडीचा बहर ओसरून गेला होता. लिनक्सच्या फेडोरा वितरणाने २०२२ मध्ये पेटंटच्या कारणास्तव एच.२६४ व एचईव्हीसीसाठीचे कार्डाचे साहाय्य आपल्या मूळ संचातून वगळले. यंत्र तेच, सर्किट तेच. वापराची मुभा तेवढी गेली.

निष्कर्ष :

१. विसंकेतनाचे काम स्वतंत्र कार्डाकडून प्रोसेसरकडे आणि तेथून ग्राफिक्स चिपमधील ठरीव सर्किटकडे गेले. पहिल्या टप्प्यात मायर व सदरलँड यांचे चक्र दिसते. दुसऱ्या टप्प्यात विजेच्या बचतीने त्याची गती रोखली.
२. व्हिडिओ-दर्शनाची क्षमता सर्किट, मानक, सॉफ्टवेअरचा दुवा आणि परवाना या चौघांच्या मेळावर अवलंबून असते. एकाची उणीव इतर तिघांना निष्फळ करते.
३. संगणकाचे आयुष्य केवळ झिजेने ठरत नाही. दूरच्या मंडळांत होणारे मानकांचे व शुल्काचे निर्णय सुस्थितीतील यंत्रालाही वृद्ध ठरवितात.

मर्यादित निधीत जुने संगणक वर्षानुवर्षे वापरणाऱ्या महाविद्यालयांच्या दृष्टीने तिसरा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांचा संग्रह कोणत्या मानकात ठेवावा, हा निर्णय वरवर तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो कोणत्या विद्यार्थ्याला व्याख्यान पाहता येईल आणि कोणाला नाही, याचाच निर्णय असतो.