तालुकावार

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचे दर तीन आकड्यांत निघतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. शेजारी एकूण आवक. डेटाबेसला प्रश्न विचारणाऱ्या एसक्यूएल भाषेत यातले तीन मिन, मॅक्स आणि सम या नावांनी भेटतात. आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली ती मांडली, त्याच्या कितीतरी आधीपासून हिशेबाचे असे मराठी शब्द आपल्या दप्तरात आहेत, आणि बरेचसे फारसी-अरबी. नांदेड-लातुरात १९४८पर्यंत निजामाचा कारभार उर्दूत चालला, तेव्हा इथे ते परके वाटायचं कारणच नव्हतं.

‘कमाल’ म्हणजे मुळात परिपूर्णता. ‘सरासरी’ आली ‘सरासर’वरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. (सर्वसाधारण दर मात्र सरासरी नव्हे; बहुतेक माल ज्या भावाने जातो तो.) ‘गोषवारा’ सगळ्यांत नटवा: फारसीत गोश म्हणजे कान, गोशवारा म्हणजे कर्णभूषण, आणि हिशेबाचा सारांशही.

पण मला खरा कामाचा वाटतो तो एक इवलासा प्रत्यय, ‘वार’. सोमवारातला संस्कृत वार वेगळा. हा तपशीलवार, खातेवार, गाववार यांतला फारसी वार. एसक्यूएल ज्यासाठी ‘ग्रुप बाय’ लिहायला लावते, ते काम तो शब्दाच्या शेपटाला बसून उरकतो. ‘तालुकावार पाऊस’ म्हटलं की महसूल मंडळांच्या नोंदी आपापल्या ढिगात जाऊन पडतात: नांदेडच्या १६ ओळी, लातूरच्या १०. पैसेवारीतही, म्हणजे पिकाच्या उताऱ्याच्या अंदाजातही, हाच. आधी गावाची पैसेवारी काढायची, मग ५० पैशांखालची गावं निवडायची. गट पडल्यानंतरची ही निवड म्हणजेच ‘हॅविंग’. गट पडण्याआधी जिरायत-बागायत वेगळं काढणं हे ‘व्हेअर’चं काम.

संगणकाशी भांडतो तो ‘निरंक’. निर् अधिक अंक, जिथे अंकच नाही. कचेरीत मात्र त्याचा अर्थ शून्य. समजा, तीन मंडळांत पाऊस २० मिमी, १० मिमी आणि निरंक. कचेरीची सरासरी १०. निरंकची चौकट कुणी कोरी ठेवली, तर सरासरी काढणारं फलन कोरी नोंद धरतच नाही. ३० ला दोनानेच भागतं आणि तालुक्यात १५ मिमी पाऊस पाडतं. व्युत्पत्तीला धरून संगणक बरोबर, पण दुबार पेरणीच्या चिंतेत असलेल्या शेतकऱ्याला त्याचं काय? तिथे ठसठशीत ० भरावा. कोरी चौकट पर्जन्यमापक बंद पडलेल्या दिवसासाठी ठेवावी.