नळदुर्गच्या पुलावर फौज आणि पॅरिसमध्ये तक्रार: हैदराबादचा प्रश्न युनोत गेला होता

युनो, सुरक्षा परिषद हे शब्द ऐकले की काश्मीर, पॅलेस्टाईन, कोरिया अशी नावं डोळ्यांसमोर येतात. पण १९४८ साली तुळजापूर ज्या संस्थानात होतं, त्या हैदराबादचा प्रश्नही सुरक्षा परिषदेच्या टेबलावर गेला होता. तोही ऐन लढाई चालू असताना.

तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. जवळचं सोलापूर मात्र मुंबई प्रांतात, म्हणजे भारतात. इंग्रज गेल्यावर आपल्यावरची त्यांची अधिसत्ता संपली, म्हणजे आपण स्वतंत्र झालो, असं निजाम मीर उस्मान अली खान यांचं म्हणणं होतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. पण तो कागदावरच राहिला. कासिम रझवी यांच्या रझाकारांनी मराठवाड्यात धुमाकूळ घातला. हे रझवी मूळ लातूरला वकिली करायचे आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. गावंच्या गावं सोडून लोक सोलापूरकडे येत होते, आणि स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कॅम्पांमधून लढत होते.

२१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबाद सरकारने सुरक्षा परिषदेकडे तक्रार पाठवली. आता प्रश्न असा की हैदराबाद युनोचं सभासदच नव्हतं, मग तक्रार कशी? युनोच्या सनदेचं कलम ३५ सांगतं की सभासद नसलेलं राष्ट्रही एखादा तंटा परिषदेपुढे आणू शकतं, फक्त तो शांततेने सोडवण्याची बंधनं त्याने आधी मान्य करायला हवीत. हैदराबादने याच कलमाचा आधार घेतला. भारताचं उत्तर सरळ होतं: हैदराबाद मुळात राष्ट्रच नाही, त्यामुळे हा आमचा घरचा मामला आहे. कलम २ मधल्या सातव्या पोटकलमानुसार देशांतर्गत बाबींत युनोला पडता येत नाही.

भारताची बाजू इथे जरा अवघड होती. १ जानेवारी १९४८ ला काश्मीरचा प्रश्न भारतानेच युनोत नेला होता. त्याआधी जुलै १९४७ मध्ये डचांनी इंडोनेशियात लष्कर घातलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या बरोबरीने तो विषय परिषदेत नेणाराही भारतच. तेव्हा 'हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे' असं डच म्हणत होते आणि आपल्या कारवाईला ते 'पोलीस कारवाई' म्हणत होते. वर्षभरात हेच दोन्ही शब्द हैदराबादच्या बाबतीत भारताच्या तोंडी आले. फरक होता, आणि तो मोठा होता. इंडोनेशिया समुद्रापलीकडची वसाहत होती, तर हैदराबाद चारही बाजूंनी भारताने वेढलेलं होतं आणि तिथली बरीच जनता विलीनीकरण मागत होती. पण कायद्याच्या भाषेत हा फरक मांडायला वेळ लागतो. दिल्लीने तो वेळ घेतला नाही.

१३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. मुख्य फळी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून निघाली. पहिली लढाई झाली ती तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचा बोरी नदीचा पूल उडवला गेला असता तर सगळी फौज अडकली असती. तो शाबूत हाती आला. त्या दिवशी नळदुर्गजवळ पडलेले हवालदार बचित्तर सिंग पुढे अशोकचक्राचे पहिल्या फळीतले मानकरी ठरले.

इकडे हैदराबादचं शिष्टमंडळ मोईन नवाझ जंग यांच्या नेतृत्वाखाली पॅरिसला पोचलं होतं, कारण परिषद त्या दिवसांत तिथे भरत होती. १६ सप्टेंबरला विषय निघाला. भारताकडून रामस्वामी मुदलियार बोलले. विषय कामकाजात घ्यावा यासाठी ८ मतं पडली, विरोधात एकही नाही. चीन, सोव्हिएत रशिया आणि युक्रेन तटस्थ राहिले. परिषदेला या विषयात अधिकार आहे की नाही, हे मात्र तसंच लोंबकळत ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला, निजामाने युद्धबंदी जाहीर केली. त्याच दिवशी जेरुसलेममध्ये युनोचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची हत्या झाली आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. २२ सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेत असल्याचं कळवलं. मोईन नवाझ जंग यांचं म्हणणं, निजाम आता भारताच्या ताब्यात आहेत, त्यामुळे हा त्यांचा खरा निर्णय नाही. २८ तारखेच्या बैठकीनंतर विषय थंड पडला. मे १९४९ मध्ये पाकिस्तानच्या आग्रहावरून तो पुन्हा निघाला, पण ठराव असा कधीच झाला नाही.

परिषदेत कायद्याचा खल चालू असताना मराठवाड्यात माणसं मरत होती, आणि हा भाग बऱ्याचदा गाळला जातो. रझाकारांचे अत्याचार खरे होते. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर झालेले सूडाचे हल्लेही खरे होते. नेहरूंच्या सरकारने पाहणीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. सबंध संस्थानात कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे तिने नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल सरकारने अनेक दशकं प्रसिद्ध केला नाही. सुरक्षा परिषदेपुढे निरीक्षक पाठवण्याइतपतही गोष्ट कधी गेली नाही. त्याच वर्षी पॅलेस्टाईनमध्ये मात्र युनोचे पहिले लष्करी निरीक्षक काम करत होते.

१७ सप्टेंबर हा दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. निजामाच्या नावावरून पडलेलं उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये बदलून धाराशिव झालं. सुरक्षा परिषदेच्या प्रलंबित विषयांच्या यादीत मात्र 'हैदराबादचा प्रश्न' एकविसाव्या शतकातही छापला जात होता. शेजारी शेवटच्या चर्चेची तारीख असायची: २४ मे १९४९.