खाकी अंगवळणी पडताना



पोलीस भरतीसाठी मुलींना आठशे मीटर धावावं लागतं, चार किलोचा गोळा फेकावा लागतो, उंची १५५ सेंटिमीटर लागते, हे आता आपल्या घराघरांत पाठ झालंय. निवड झाली की पेढे वाटतात. त्यापुढं ती मुलगी पोलीस कशी होते, ते आज सांगते.

आपला हा मुलूख निजामाचा. ठाण्याचं दफ्तर उर्दूत, फौजदाराला अमीन म्हणायचे. रझाकारांच्या दिवसांच्या आठवणींत पोलीस आधार म्हणून फारसे भेटत नाहीत. १९४८ च्या सप्टेंबरात आलं ते लष्कर, पण आपण त्याला अजून पोलीस ॲक्शनच म्हणतो! १९५६ साली आपण मुंबई राज्यात गेलो, दफ्तराची भाषा बदलली. ठाण्याची पायरी चढायची बाईची भीती मात्र गेली नाही.

ती का गेली नाही, हे १९७२ साली विदर्भातल्या देसाईगंजला दिसलं. एका कोवळ्या आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाल्याचा खटला दोन पोलिसांवर उभा राहिला. उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ लावला गेला. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. त्यांत वसुधा धागमवार होत्या. बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. पुढं २००५ मध्ये असं ठरलं, की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही. अगदीच गरज पडली तर महिला अधिकारी हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगीही हवी. म्हणजे ठाण्यात बाई पोलीस असणं ही सोय राहिली नाही, गरज झाली. १९९४ च्या महिला धोरणापासून सरकारी नोकरीत तीस टक्के जागाही होत्याच.

या मुली घडतात प्रशिक्षण केंद्रात. आपल्याजवळचं केंद्र म्हणजे लातूरचं बाभळगाव. पहाटेची परेड, कवायत, रायफल, कायद्याचे वर्ग. घरी कुणाची तरी ताई असलेली मुलगी तिथं रांगेतली एक होते. पुढं बक्कल नंबर लागतो आणि आवाज चढवायची सवय होते. माझ्या मते यातलं निम्मं ठाण्यात गेल्यावर विसरावं लागतं. परेडच्या आवाजात बोललं, तर नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई तक्रार न देताच परत जाईल. ऐकून घ्यायचं कसं, हे ती जुन्या हवालदार बाईंकडं बघून शिकते, नाहीतर शिकतच नाही.

तिथंही तिची ओढाताण आहेच. बरीच वर्षं महिला शिपाई म्हणजे आरोपी बाईशेजारी बसणारी, बंदोबस्ताला दोर धरणारी, असंच धरलं गेलं. तपास पुरुषाकडं. बारा-बारा तासांची ड्युटी, वर घरचा स्वयंपाक. २०२२ च्या जानेवारीत राज्यभर महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी ठरली, तेव्हा कुठं थोडी उसंत मिळाली.

आणि आता १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडेच बदललेत. समोरची बाई अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव लावा’ म्हणते आणि ही नवी पोरगी तिला पाणी देऊन कागदावर ८५ लिहिते.