चित्रांचे कपाट आणि त्याची किल्ली

इंदूरच्या सरकारी बांधकाम खात्यात १८६६ च्या सुमारास एक तरुण रुजू झाला. नकाशे काढणे आणि अंदाजपत्रके तयार करणे हे त्याचे काम. मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली एका जैन कुटुंबात त्याचा जन्म झाला होता आणि रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात त्याने स्थापत्यशास्त्राचे शिक्षण घेतले होते. हाच तरुण पुढे राजा दीनदयाळ या नावाने सर्व हिंदुस्थानात ओळखला गेला. पण ती ओळख त्याच्या नकाशांची नव्हे, छायाचित्रांची होती.

दीनदयाळांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला. १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य हिंदुस्थानात फिरून किल्ले, मंदिरे आणि राजवाडे टिपले. ही चित्रे १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच साली त्यांनी सिकंदराबादेत चित्रशाळा काढली, १८९६ मध्ये मुंबईत काढली. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. या वैभवाची कथा हैदराबाद आणि इंदूर येथील जुन्या मंडळींना परिचित आहे. त्या कथेतला एक व्यवहाराचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि आजच्या छायाचित्रकाराला नेमका तोच उपयोगाचा आहे.

दीनदयाळांच्या मिळकतीचे दोन मार्ग होते. पहिला म्हणजे गिऱ्हाइकाच्या मागणीवरून काढलेली चित्रे. सरदार आले, खुर्चीत बसले, चित्र निघाले आणि दाम हाती आले. दुसरा मार्ग निराळा होता. किल्ला, घाट, मंदिर, मिरवणूक यांची चित्रे कोणी सांगितलेली नसतानाही काढून ठेवायची, त्यांच्या काचा जपायच्या आणि प्रवासी किंवा अधिकारी मागेल तेव्हा त्याच काचेवरून नवी प्रत छापून द्यायची. पहिल्या मार्गात श्रमाचे मोल एकदाच मिळते. दुसऱ्यात एका दिवसाचे श्रम अनेक वर्षे फळ देतात. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला, त्यानेही हीच रीत चालवली होती. त्याच्या प्रत्येक काचेवर क्रमांक असे. सूचिपत्रात पाहून गिऱ्हाइकाने क्रमांक कळवावा आणि प्रत मागवावी.

आधी चित्र काढून ठेवायचे आणि मग ते पुनःपुन्हा विकायचे, या धंद्यालाच आज ‘स्टॉक फोटोग्राफी’ म्हणतात. पूर्वी काचेची कपाटे होती, आता इंटरनेटवरील एजन्सी आहेत. साधने पालटली तरी धंद्याचा मूळ प्रश्न पालटलेला नाही. चित्र कोण काढतो, ते कपाट कोणाचे असते, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला असते? दीनदयाळ आणि बोर्न यांच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते. काचा त्यांच्या, सूचिपत्र त्यांचे आणि दर ठरवणारेही तेच.

विसाव्या शतकात ही एकी मोडली. वृत्तपत्रे आणि मासिके छायाचित्रे छापू लागली, जाहिरातींचा पसारा वाढला आणि संपादकाला रोज शेकडो चित्रांची गरज भासू लागली. प्रत्येक चित्रासाठी छायाचित्रकाराला पत्र पाठवण्यास त्याला सवड कोठून असणार? तेव्हा मध्ये एक तिसरा माणूस उभा राहिला. अनेकांची चित्रे एकत्र ठेवणारा, त्यांची विषयवार मांडणी करणारा आणि मागेल त्याला मागेल ते काढून देणारा. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनी १९२० मध्ये काढलेली संस्था या व्यवसायातील आरंभीच्या संस्थांपैकी एक होय.

या तिसऱ्या माणसाचे सामर्थ्य किती, हे ओटो बेटमन यांच्या चरित्रावरून कळते. बेटमन बर्लिनच्या शासकीय कलाग्रंथालयात दुर्मिळ ग्रंथांचे अभिरक्षक होते. ते ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत १९३३ साली त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. १९३५ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांच्यापाशी चित्रांनी भरलेल्या दोन पेट्या होत्या. निर्वासिताची तेवढीच पुंजी. पुढल्याच वर्षी त्यांनी बेटमन संग्रह स्थापन केला. त्यांचे खरे भांडवल चित्रांच्या संख्येपेक्षा सूचीत होते. कोणते चित्र कोणत्या नावाखाली ठेवावे म्हणजे संपादकाला ते क्षणात सापडेल, ही विद्या त्यांना साधली होती. हा संग्रह १९९५ मध्ये बिल गेट्स यांच्या कॉर्बिस या संस्थेने विकत घेतला, तेव्हा त्यातील चित्रांची संख्या कोटीच्या वर गेली होती. पुढे मूळ चित्रे पेनसिल्व्हानियातील चुनखडीच्या एका जुन्या खाणीत, जमिनीखाली, थंड हवेत सुरक्षित ठेवण्यात आली.

तरीही त्या काळातील एजन्सीचा व्यवहार छायाचित्रकाराला परवडत असे. चित्र विकले जात नसे, ते एका ठरावीक उपयोगापुरते वापरायला दिले जाई. किती प्रती छापणार, किती मोठ्या आकारात, किती काळ आणि कोणत्या देशात, हे विचारून भाडे ठरे. त्यातील साधारणतः निम्मा वाटा छायाचित्रकाराच्या पदरी पडे. एखादे चित्र चांगल्या जाहिरातीत लागले तर काही महिन्यांचा घरखर्च निघावा, अशी ती मिळकत होती. अडचण होती ती दाराशी. एजन्सीत शिरकाव मिळणे नवख्याला फार कठीण असे.

दार उघडले ते इंटरनेटने. आणि दार उघडताच भाव कोसळला. कॅनडातील कॅलगरी शहरी ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी २००० साली ‘आयस्टॉकफोटो’ सुरू केले. प्रारंभी तेथे चित्रांची फुकट देवाणघेवाण चाले. पुढे संगणकाचा खर्च भागेना, म्हणून एका चित्राला २५ सेंट, म्हणजे पाव डॉलर, अशी नाममात्र किंमत ठेवण्यात आली. न्यूयॉर्कमध्ये जॉन ओरिंजर यांनी २००३ साली स्वतः काढलेली सुमारे ३०,००० छायाचित्रे घेऊन ‘शटरस्टॉक’ काढले. तेथे दर चित्राला भाव न ठेवता ठरावीक वर्गणी भरून चित्रे घेण्याची सोय होती. या नव्या व्यवहाराचा गाभा असा की, गिऱ्हाइकाने एकदा पैसे भरले म्हणजे तेच चित्र त्याने पुनःपुन्हा वापरावे. उपयोगागणिक भाडे देण्याची गरज नाही.

याचा परिणाम काय झाला, याचे एक उदाहरण अमेरिकन पत्रकार जेफ हाऊ यांनी २००६ च्या जून महिन्यात ‘वायर्ड’ मासिकात दिले होते. वॉशिंग्टनमधील आरोग्यविषयक संग्रहालयाच्या एका प्रकल्पासाठी आजारी माणसांची चित्रे हवी होती. एका व्यावसायिक छायाचित्रकाराने आपला नेहमीचा दर उतरवून दर चित्रास १०० ते १५० डॉलर मागितले. बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. इतक्यात संग्रहालयाच्या बाईंना आयस्टॉकफोटोचा शोध लागला आणि त्यांनी ५६ चित्रे दर चित्रास सुमारे एक डॉलर या भावाने घेतली. त्या छायाचित्रकाराच्या कामात खोट नव्हती, आणि बाईंच्या व्यवहारातही खोट नव्हती. सार्वजनिक संस्थेचा पैसा वाचवणे हे त्यांचे कर्तव्यच होते. पण एका माणसाचा अनेक वर्षांचा धंदा तेथे संपत आला होता.

त्याच घटनेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ती ५६ चित्रे कोणी काढली होती? रूढ एजन्सीच्या दारातून ज्यांना कधी आत येता आले नसते, अशा हौशी माणसांनीच हे संग्रह भरले होते. दूरच्या गावातल्या एखाद्या शिक्षकाला किंवा गृहिणीला आपले चित्र परक्या देशात विकता येईल, ही गोष्ट १९९० पूर्वी स्वप्नवत वाटली असती. जे एकाचे पोट गेले, ते अनेकांच्या हाती चार नाणी होऊन आले. चार नाणी आणि पोट या दोन वस्तू एक नव्हेत, एवढेच ध्यानात ठेवले पाहिजे.

२००६ मध्येच गेटी इमेजेस या मोठ्या कंपनीने आयस्टॉकफोटो ५ कोटी डॉलरना विकत घेतले. २०१५ मध्ये ॲडोबीने फोटोलिया ही एजन्सी ८० कोटी डॉलरना घेतली आणि तिच्या पायावर ‘ॲडोबी स्टॉक’ उभारले. उपयोगागणिक भाड्याने चित्र देण्याची जुनी रीत सर्जनशील छायाचित्रांपुरती बंद करीत असल्याचे गेटीने २०१९ साली जाहीर केले. गेटी आणि शटरस्टॉक या दोन प्रतिस्पर्ध्यांनीही २०२५ च्या जानेवारीत एकत्र येण्याचा करार जाहीर केला. चित्र काढणारे असंख्य झाले आणि किल्ल्या सांभाळणारे मोजके उरले, हा या पंचवीस वर्षांचा सारांश होय.

किल्ली ज्याच्या हाती, तोच वाटा ठरवतो. शटरस्टॉकने २०२० च्या जूनमध्ये मोबदल्याची नवी पद्धत लागू केली. त्यानुसार छायाचित्रकाराचा वाटा शेकडा १५ ते ४० असा पायऱ्यांनी वाढणारा ठरला. परंतु दर जानेवारीत प्रत्येकाला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून उभे करण्यात येऊ लागले, आणि एका विक्रीचा किमान मोबदला १० सेंट इतका खाली आला. १०० डॉलर मिळण्यास या किमान दराने १,००० वेळा चित्र विकले गेले पाहिजे. जगभरच्या छायाचित्रकारांनी निषेध केला, काहींनी आपली चित्रे काढून घेतली. पण दर बदलले नाहीत. बोर्नच्या सूचिपत्रातील दर बोर्न ठरवीत असे. आजचा छायाचित्रकार आपला दर दुसऱ्याच्या पत्रातून वाचतो.

त्यानंतर आणखी एक वळण आले. लेखी वर्णनावरून चित्र तयार करणारी यंत्रे २०२२ पासून सर्वांच्या हाती आली. अशा यंत्रांना शिकवण्यासाठी चित्रांचे प्रचंड साठे लागतात, आणि असे साठे एजन्सींपाशी आयतेच होते. शटरस्टॉकने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ओपनएआयशी सहकार्य जाहीर केले आणि चित्रकारांना मोबदला देण्यासाठी एक निधी स्थापला. गेटीने अशी यंत्रनिर्मित चित्रे घेण्याचे नाकारले आणि २०२३ मध्ये एका यंत्रकर्त्या कंपनीवर दावा लावला. ज्या हातांनी साठा भरला, त्यांच्याच कामावरून त्यांचा प्रतिस्पर्धी घडवला गेला, असा हा विलक्षण प्रसंग आहे.

मग या मार्गाने मिळकत करू पाहणाऱ्याने काय करावे? इतिहास काही गोष्टी स्पष्टपणे शिकवतो. पहिली गोष्ट हक्काची. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे, दाम घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, निराळा करार नसेल तर, दाम देणारा असतो. स्वतःहून काढलेल्या चित्राचा मालक छायाचित्रकार असतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो. लग्नघरी काढलेले चित्र आणि आठवडी बाजारात स्वतःहून काढलेले चित्र यांत हा मोठा भेद आहे.

दुसरी गोष्ट सूचीची. बेटमन यांची विद्या आज प्रत्येकाला अंगी आणावी लागते. चित्राखाली ‘बाजार’ एवढेच लिहिले तर ते लाखोंच्या गर्दीत बुडते. कोणत्या गावचा बाजार, कोणते धान्य, कोणता ऋतू, मापासाठी काय वापरले आहे, हे नेमके लिहिणाऱ्याचे चित्र सापडते. हातमिळवणी करणाऱ्या हसऱ्या माणसांची चित्रे यंत्रही करू शकते. अमुक गावच्या अमुक कुंभाराचे चाक जसे आहे तसे दाखवणे, हे तेथे जाऊन उभे राहणाऱ्यालाच शक्य आहे.

तिसरी गोष्ट संमतीची. हैदराबादेत दीनदयाळांनी १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी चित्रशाळा उघडली होती आणि तिचा कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपवला होता. समोर बसणाऱ्याचा विश्वास हे धंद्याचे मूळ भांडवल आहे, हे त्यांना ठाऊक होते. आजही चेहरा ओळखू येईल असे चित्र जाहिरातीसाठी विकायचे असेल तर त्या व्यक्तीचे लेखी संमतिपत्र एजन्सी मागते. भाजीवाल्या म्हातारीचा चेहरा कोठे आणि कशासाठी छापला जाईल हे तिला समजावून सांगितल्यावाचून तिचा अंगठा घेणे, हा कागदाचा मान झाला, माणसाचा नव्हे.

आणि शेवटची गोष्ट जतनाची. कलकत्त्यातील बोर्न अँड शेफर्डच्या संग्रहाचा मोठा भाग १९९१ च्या आगीत नष्ट झाला आणि ती पेढी २०१६ साली बंद पडली. दीनदयाळ १९०५ मध्ये निवर्तले. पण त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा वारसांकडे टिकल्या आणि १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्या विकत घेतल्या. धनी गेला, निजामशाही गेली, चित्रशाळाही गेल्या, तरी काचांचे मोल शंभर वर्षांनी पुन्हा मिळाले. कारण त्या कोणी टाकून दिल्या नव्हत्या.

एजन्सी म्हणजे बाजारातले दुकान. तेथे माल मांडावा, मिळेल ते चार पैसे घ्यावेत, पण त्यावर संसाराचा भार टाकू नये. मूळ चित्रे मात्र नाव, गाव आणि तारीख लिहून आपल्याच घरी नीट ठेवावीत. दुकानाची किल्ली आज दुसऱ्याच्या हाती असली, तरी घरच्या कपाटाची किल्ली छायाचित्रकाराने कोणाला देऊ नये.