टेंबलाईचा रुसवा आणि तोक्योतले देव

मराठी घरांतली चौदा-पंधरा वर्षांची मुले हल्ली जपानी दैवतांची नावे सहज घेतात. इनारीचा कोल्हा, पाण्यात ओढून नेणारा काप्पा, लांब नाकाचा तेंगू ही त्यांच्या ओळखीची मंडळी. ही ओळख बहुधा अॅनिमे आणि मांगा यांतून झालेली असते, त्यामुळे घरातली मोठी माणसे तिला करमणूक समजून सोडून देतात. त्यांनी थोडे थांबावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे. जपानी पुराणकथांतून उगवलेले किशोरांसाठीचे शहरी अद्भुतसाहित्य मन लावून वाचण्याजोगे आहे, आणि कोल्हापूरच्या वाचकाची त्यासाठीची अर्धी तयारी घरातच झालेली असते.

या साहित्याची मुळे खोल आहेत. ‘कोजिकी’ हा जपानचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ इ. स. 712 मधला; त्यात देवांचे जन्म, भांडणे आणि रुसवेफुगवे आहेत. त्याखेरीज लोकांच्या तोंडी राहिलेले योकाई, म्हणजे भुतेखेते आणि चमत्कारिक जीव, हा वेगळा प्रवाह. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने 1776 मध्ये त्यांची चित्रे पुस्तकरूपाने काढली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मिझुकी शिगेरू यांनी त्यांना चित्रकथेत आणले. मग हे सारे शहरात राहायला आले. ताकाहाशी रुमिको यांच्या 1996 साली सुरू झालेल्या ‘इनुयाशा’तली कागोमे तोक्योत, एका देवस्थानाच्या आवारात राहते. पंधराव्या वाढदिवशी तिथल्या जुन्या विहिरीतून ती काही शतके मागे खेचली जाते. ‘नोरागामी’मधल्या यातो या देवाला स्वतःचे देऊळच नाही. तो भिंतींवर आपला फोन नंबर लिहितो आणि पाच येन घेऊन लोकांची कामे करतो. लोक विसरले तर आपण उरणार नाही, ही त्याची भीती आहे. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. देव आणि शहर यांचे नाते आठवणीवर टिकते, हे तिने नव्या पिढीला तिच्या भाषेत सांगितले.

आता कोजिकीतली सर्वांत गाजलेली कथा घेऊ. सूर्यदेवी आमातेरासू भावाच्या धिंगाण्याला कंटाळून गुहेत जाऊन बसते. जगात अंधार होतो. सगळे देव गुहेपाशी जमतात, उझुमे नाचते, हशा पिकतो. कुतूहलाने देवी डोकावते तेव्हा तिच्यापुढे आरसा धरला जातो, आणि ती बाहेर येते. कोल्हापूरच्या वाचकाला इथे टेंबलाई आठवल्याशिवाय राहणार नाही. कामाक्ष असुराने योगदंडाच्या बळावर देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले. त्र्यंबोलीने, म्हणजेच टेंबलाईने, त्याला मारून सर्वांना सोडवले. विजयाच्या सोहळ्यात मात्र तिलाच बोलवायचे राहिले. ती रुसली आणि शहराकडे पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली, अशी कथा आपण सांगत आलो आहोत. तिची समजूत काढायला कोल्हापूरची देवी अंबाबाई स्वतः जाते. आजही ललिता पंचमीला पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, दोघींची भेट होते आणि एक कुमारिका असुराच्या जागी कोहळा फोडते.

वाचकांनी या कुमारिकेकडे नीट पाहावे. हजारोंच्या गर्दीत, पोलिस बंदोबस्तात, असुरवधाचे काम एका लहान मुलीच्या हाती दिलेले असते. किशोरसाहित्याला जी नायिका कल्पून उभी करावी लागते, ती इथे दरवर्षी सर्वांसमोर उभी राहते. कागोमे आपल्याला परकी का वाटत नाही, याचे एक उत्तर त्या टेकडीवर आहे.

दोन्हीकडच्या दैवतांचे नाते केवळ साम्याचे नाही, ते इतिहासाचेही आहे. बौद्ध धर्माबरोबर आपले देव चीनमार्गे जपानला पोहोचले. सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली, तिच्या हाती बिवा हे तंतुवाद्य आले. लक्ष्मीची किशोतेन झाली. ‘नोरागामी’त यातोशी वैर धरणारी लढवय्यी बिशामोन ही मुळात वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर. आणि देवांची ये-जा एकाच दिशेने होत नाही. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत 1940 च्या दशकात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पाहता येते. समुद्रापासून इतक्या आत, घाटावरच्या गावात समुद्राचा देव येऊन राहिला, ही गोष्ट एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाला कादंबरीभर पुरेल.

वाचनाची सुरुवात पडद्यापासून करायला काहीच हरकत नाही. मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ (2001) आधी पाहा. त्यातला हाकू हा एका नदीचा देव. ती नदी बुजवून तिच्यावर इमारती बांधल्या गेल्या, म्हणून तो घर हरवून बसला आहे. हे पाहून झाल्यावर कोल्हापुरातल्या जयंती नदीच्या पुलावर जाऊन उभे राहा. या नदीला आज शहर नाला म्हणते. ताकाहाता यांच्या ‘पोम पोको’त (1994) तोक्योच्या नव्या वसाहतीसाठी डोंगर कापला जातो, तेव्हा तिथले तानुकी, म्हणजे कोल्ह्याच्या जातीचे रानटी प्राणी, रूपे बदलून झुंजतात. त्यानंतर ओगिवारा नोरिको यांची 1988 ची कादंबरी इंग्रजीतून मिळवा. ती शहरी नसली तरी कोजिकीचे जग किशोरांसाठी कसे उभे करावे याचा उत्तम वस्तुपाठ आहे. लाफ्काडिओ हर्न यांचे ‘क्वाइदान’ (1904) नंतर वाचलेत तर भुतांच्या गोष्टींमागचा गावगाडा दिसू लागेल. कोजिकी सर्वांत शेवटी. तो नावांनी गच्च भरलेला ग्रंथ आहे आणि आरंभीच हाती घेतला तर नवा वाचक दमतो.

वाचताना एक भान मात्र ठेवावे. जपानमध्ये आमातेरासूचे इसे येथील देवस्थान आजही जागते आहे. अंबाबाईचे मंदिर तर आपल्या रोजच्या वाटेवरच आहे. ही दैवते लोकांच्या श्रद्धेची आहेत. जपानमधले चांगले लेखक दैवतात नवे रंग भरतात, त्याला विनोदीही करतात, पण त्याचा मान जाऊ देत नाहीत. हा तोल कसा सांभाळला जातो ते बारकाईने पाहावे.

मराठीत नारायण धारपांनी भयकथेला मोठा वाचक मिळवून दिला आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने किशोरांना आपल्याच गावागल्लीतला नायक दिला. या दोन वाटा जिथे मिळतात तिथे फारसे कोणी गेलेले नाही. सामग्री तर पायाशी पडली आहे. रंकाळ्याकाठचा नंदी गव्हाएवढा पुढे आणि तांदळाएवढा मागे सरकतो, तो अंबाबाईपाशी पोहोचेल तेव्हा प्रलय होईल, असे सांगतात. किरणोत्सवात नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून थेट देवीच्या पायांपासून मुखापर्यंत चढतात, आणि वाटेतल्या बांधकामांमुळे कधी ती अडतात. सूर्यदेवीचा आरसा वाचलेल्या मुलाला या दृश्यात काय काय दिसेल!

तेव्हा वाचकहो, जपानी कथा मनापासून वाचा आणि येत्या ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर एकदा जाऊन या. लिहावेसे वाटले तर मराठीतच लिहा. त्या पुस्तकासाठी इथे वाचक वाट पाहत आहेत.