कार-टी उपचार : चाचणीचे निकष

रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवे जनुक घालून कर्करोगपेशींवरचे ठरावीक प्रथिन ओळखायला लावायचे आणि मग त्या शिरेतून परत सोडायच्या, ही कार-टी उपचाराची पद्धत. बी-पेशींच्या ल्युकेमियात व लिम्फोमात हे प्रथिन बहुधा सीडी-१९ असते. औषध ज्याच्या-त्याच्या पेशींपासून बनत असल्याने त्याला वेळ लागतो आणि नोंद झालेल्या सर्वांपर्यंत ते पोचत नाही. म्हणूनच यशाची टक्केवारी किती, याआधी ती किती जणांतून काढली हे विचारावे लागते. मुलांच्या व तरुणांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावरील ‘एलियाना’ चाचणीत ९२ जणांची नोंद झाली. पेशी मिळाल्या ७५ जणांना. उरलेल्यांपैकी काही वाट पाहतानाच दगावले, काहींच्या पेशी तयार झाल्या नाहीत. पेशी मिळालेल्यांपैकी ८१ टक्क्यांचा रोग तीन महिन्यांत ओसरला. नोंद झालेल्या सर्वांत हेच प्रमाण ६६ टक्के भरते. गाजला तो पहिला आकडा, पण उपचार घ्यावा की नाही या विचारात असलेल्या कुटुंबाच्या कामाचा आहे दुसरा.

‘एलियाना’त तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सगळे उपाय थकलेल्या मुलाला चिठ्ठी टाकून जुनेच औषध द्यायचे का, हा अशा गटाच्या आग्रहावरचा आक्षेप त्या रोगापुरता रास्त आहे. जुन्या औषधांनी अशा फार थोड्या मुलांचा रोग ओसरत असे, तेव्हा एवढा फरक योगायोगाचा नव्हे. मात्र उपचार आजाराच्या आधीच्या टप्प्यावर आणायचा झाला की हा युक्तिवाद लंगडा पडतो. पहिल्या उपचाराला न जुमानणाऱ्या किंवा वर्षभरात उलटलेल्या बी-पेशी लिम्फोमावर तुलनात्मक चाचण्या झाल्या. ‘झुमा-७’मध्ये रोग बळावणे किंवा मृत्यू अशी प्रतिकूल घटना घडेपर्यंतचा मध्यक काळ कार-टी गटात ८.३ महिने, तर प्रचलित उपचाराच्या गटात २ महिने निघाला. ‘बेलिंडा’त, तेही ‘एलियाना’चेच औषध वापरून, दोन्ही गटांत तो ३ महिनेच राहिला. पेशी मिळायला झालेला उशीर आणि चाचणीची वेगळी आखणी ही कारणे सांगितली जातात, आणि ती पटण्यासारखी आहेत. पण तुलनेचा गट नसता तर ती शोधायची वेळच आली नसती.

आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार-१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत ६४ रुग्ण होते. परिणाम मोजता आलेल्या ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांना गुण आला. तो टिकण्याचा मध्यक काळ ल्युकेमियात १५ महिने, लिम्फोमात अवघा ४ महिने. परदेशी औषधाच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त असलेल्या स्वदेशी उपचाराला इतके कडक निकष कशाला, असे विचारले जाते. पण स्वस्त म्हणजे तरीही लाखोंचा खर्च, आणि घर विकून तो करणाऱ्याला ७३ टक्क्यांपेक्षा ते चार महिने आधी कळायला हवेत. शिवाय घातलेले जनुक पेशीत कायम राहते. पुढे क्वचित टी-पेशींचाच कर्करोग उद्भवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये या उपचारांच्या माहितीपत्रकांत घालायला लावला. रुग्णांवर १५ वर्षे लक्ष ठेवण्याची अपेक्षा तिथे आधीपासूनच आहे.